आधी डावा हात

शिकागोतल्या एका गरीब घरातला मुलगा रोज रात्री खिडकीशी उभा राहून पियानोचा सराव करायचा. घरात पियानो नव्हता, आणि येण्याची शक्यताही नव्हती. खिडकीच्या लाकडी कट्ट्यावरच्या खाचा आणि भेगा याच त्याच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. बोटं चालायची, आवाज काहीच यायचा नाही. जेम्स क्लीव्हलँड हे त्याचं नाव, जन्म १९३१चा. पुढे जानेवारी १९७२ मध्ये गायिका अरेथा फ्रँकलिननं लॉस एंजेलिसच्या न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्चमध्ये दोन रात्री गाऊन ‘अमेझिंग ग्रेस’ हा संग्रह ध्वनिमुद्रित केला, तेव्हा पियानोवर हाच क्लीव्हलँड होता.

आवाजाशिवाय सराव करता आला, कारण आवाज आधीच कानात होता. आजी त्याला पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये घेऊन जायची. ती तिथल्या गायकवृंदात होती आणि त्या वृंदाला शिकवणारा माणूस होता थॉमस डॉर्सी. डॉर्सीकडे आपण येऊच. गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिसंगीत, आणि ब्लूज पियानो शिकण्याचा क्रम मात्र त्या खिडकीतच दिसतो. आधी कान भरतो, मग हात हलतो, आणि वाद्य सर्वांत शेवटी येतं.

आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा लागतो. आधी कीबोर्ड विकत येतो. मग उजव्या हातानं एखाद्या गाण्याची चाल बसवली जाते. डावा हात मांडीवर पडून असतो. मी पेटीवरून पियानोकडे आलो, त्यामुळे माझी अडचण तर आणखी जुनी होती. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावर असतो. वर्षानुवर्षं त्यानं फक्त हवा भरलेली असते, सुराला कधी बोट लावलेलं नसतं. संगीत नाटकातले पायपेटी वाजवणारे या बाबतीत सुखी होते, त्यांचे दोन्ही हात मोकळे असायचे. भात्याला बांधलेला हात सोडवून त्याला कामाला लावणं, हा माझ्या मते मराठी माणसासाठी या वाद्याचा पहिला धडा आहे. उजवा हात थांबू शकतो.

धडा सोपा दिसतो. पेटीवाल्यांच्या भाषेतच सांगतो. पांढरी एक धरू, म्हणजे पाश्चात्त्य सी. ब्लूजचं एक आवर्तन बारा खणांचं असतं आणि प्रत्येक खणात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. पहिले चार खण पांढरी एकच्या स्वरसंगतीचे. पुढचे दोन पांढरी चारचे, मग दोन पुन्हा एकचे. नववा खण पांढरी पाचचा, दहावा चारचा, आणि शेवटचे दोन घरी परत, एकवर. बाराव्या खणात बहुतेक वादक पाचला हलका स्पर्श करून जातात, म्हणजे पुढचं आवर्तन आपोआप ओढलं जातं. सा, म आणि प अशा तीन स्वरांच्या खांबांवर हे अख्खं घर उभं आहे. प्रत्येक खांबाला एक खास रंग असतो. स्वरसंगतीत कोमल निषादाच्या नात्याचा एक जास्तीचा स्वर मिसळलेला असतो. पांढरी एकच्या संगतीत पांढरी एक, तीन, पाच असतात आणि त्यांच्याबरोबर काळी पाच. शास्त्रीय पाश्चात्त्य संगीतात हा जास्तीचा स्वर अस्वस्थ मानतात, त्याला पुढे कुठंतरी जाऊन निवावं लागतं. ब्लूजमध्ये तो अस्वस्थपणा घरातच राहतो, कुणाला त्याचं काही वाटत नाही.

आता डावा हात. पांढरी एक, तीन, पाच, सहा, मग काळी पाच, आणि त्याच वाटेनं परत पांढरी सहा, पाच, तीन. सरगमीत सा, ग, प, ध, कोमल नी, ध, प, ग. आठ ठोके, एक खण पूर्ण. हीच आकृती पांढरी चारवरून आणि पाचवरून उचलायची. याला बुगी-वुगी म्हणतात. तिचा उगम टेक्सास आणि लुइझियानाच्या जंगलांत, लाकूडतोड्यांच्या छावण्यांत झाला असं मानतात. तिथं दारूच्या पिंपांच्या खोपटात एखादा मोडका पियानो असायचा आणि वाजवणारे मालगाडीनं एका छावणीतून दुसरीत जायचे. त्या गाडीची चाकं डाव्या हातात उतरली. मीड लक्स लुईसच्या सर्वांत प्रसिद्ध तुकड्याचं नावच ‘हाँकी टाँक ट्रेन ब्लूज’ आहे, १९२७चा. लुईस आणि त्याचा मित्र अल्बर्ट अ‍ॅमन्स शिकागोत टॅक्सी चालवायचे. हेच दोघे २३ डिसेंबर १९३८ला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वाजवायला बसले आणि अमेरिकेला बुगी-वुगीचं वेड लागलं. पाइनटॉप स्मिथ हे वेड बघायला नव्हता. या प्रकाराला नाव मिळवून देणारी त्याची तबकडी डिसेंबर १९२८ची. त्यानंतर तीनच महिन्यांत एका नृत्यगृहात गोळी लागून तो गेला, वयाच्या २४व्या वर्षी.

ही आकृती पाच मिनिटांत समजते. पण ती सलग दहा मिनिटं न अडखळता, न धावता वाजवणं हे काही महिन्यांचं काम आहे, आणि ते कंटाळवाणं आहे हे लपवण्यात अर्थ नाही. डाव्या हातानं तबलजी व्हायचं असतं. ठेका धरलेला तबलजी गायकाच्या तानेनं हुरळून लय वाढवत नाही. डाव्या हाताला उजव्याचं काही ऐकू येता कामा नये. एक साधी परीक्षा सांगतो. डावा हात चालू ठेवून घरातल्या माणसाशी बोलून बघा, भाजी काय आणायची वगैरे. हात थांबला तर अजून उजव्याची वेळ आलेली नाही.

लयीत दोन गोष्टी आपल्या सवयीच्या विरुद्ध आहेत. पहिली टाळीची. आपली टाळी समेवर पडते. या संगीतात ती दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते, पहिली मात्रा मोकळी सोडलेली असते. चर्चमध्ये पहिल्या मात्रेवर टाळी देणारा माणूस पाहुणा आहे हे लगेच कळतं. फोनवरच्या मेट्रोनोमची गती निम्मी करायची आणि त्याची प्रत्येक टिकटिक ही दुसरी किंवा चौथी मात्रा आहे असं समजून वाजवायचं. सुरुवातीला पायाखालची जमीन सरकते. दुसरी गोष्ट मात्रेच्या पोटातली. एका मात्रेचे दोन समान तुकडे करायचे नाहीत, तीन करायचे, तिस्र जातीसारखे, आणि मधला गिळायचा. उरतो तो लंगडत चालणारा झोल. संथ गॉस्पेलमध्ये मधला तुकडाही गिळत नाहीत. चार मात्रांत बारा ठोके उजवा हात हलके हलके देत राहतो. दादरा कानात असलेल्या माणसाला हे जड जाऊ नये.

मग स्वर. पियानोला मींड नाही, हे दुःख पेटीवाल्याला नव्यानं सांगायला नको. ब्लूज गाणारा गळा मात्र कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या कुठल्याशा जागी राहतो, आणि ती जागा पियानोवर नाहीच. वादकांनी यावर शोधलेली युक्ती मला फार आवडते. काळी दोनवर बोट ठेवायचं आणि तेच बोट घसरवून पांढरी तीनवर आणायचं, इतक्या झटकन की दोन्ही स्वर एकमेकांना चिरडतात. कानाला वाटतं मधलं काहीतरी ऐकलं. कधी दोन्ही एकदमच दाबतात. आपल्या कणस्वराचा हा दांडगा चुलतभाऊ. सरगमीत सांगायचं तर सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे धानीचे स्वर, आणि त्यात जाता जाता तीव्र मध्यम. वर कोमल आणि शुद्ध अशा दोन्ही गंधारांची ये-जा, जशी जोगमध्ये असते. साम्य एवढ्यापुरतंच. धानी समजून वाजवायला गेलात तर ब्लूज निसटेल, कारण खाली स्वरसंगती चालत असते आणि वरचा कोमल गंधार खालच्या शुद्ध गंधाराशी मुद्दाम भांडत असतो. त्या भांडणातच त्याची गोडी आहे.

इतकं जमलं की बहुतेक शिकणारे वाहवत जातात. आवर्तनाच्या सगळ्या ४८ मात्रा उजव्या हाताच्या करामतीनं भरून काढतात. इथं थांबून ब्लूजच्या कडव्याकडे बघावं. पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार खण येतात. पण गाणारा त्यातले साधारण दोनच वापरतो. उरलेले दोन मोकळे. ते वाद्याचे. म्हणजे साथीदाराची जागा या रचनेत पायापासूनच बांधून ठेवलेली आहे. गाणारा बोलत असताना पियानोनं नुसता हुंकार द्यायचा आणि तो थांबला की आपलं वाक्य बोलायचं, तेही पुढची ओळ यायच्या आत संपेल एवढंच. उत्तम पेटीवादक गायकाची जागा संपल्यावर तिची सावली धरतो, तोच हा धर्म. ब्लूजगायक मडी वॉटर्सच्या तबकड्यांवर ओटिस स्पॅनचा पियानो ऐकावा, तो कुठं गप्प बसतो हे मोजत ऐकावा.

आणि आता डॉर्सी. जन्म १८९९, जॉर्जियातलं व्हिला रिका गाव. वडील बॅप्टिस्ट उपदेशक, आई ऑर्गन वाजवायची. कुटुंब अटलांटाला आलं तसा हा पोरगा ‘एटीवन’ नावाच्या थिएटरात थंड पेयं विकू लागला आणि तिथल्या पियानोवाल्यांचे हात बघत बघत शिकला. पुढे उत्तरेला शिकागोत गेला. तेव्हा दक्षिणेतले कृष्णवर्णीय लाखोंनी उत्तरेकडे निघाले होते. १९१० मध्ये शिकागोत ते सुमारे ४४ हजार होते, १९२० मध्ये १ लाख ९ हजारांवर गेले. १९२४ मध्ये डॉर्सी ब्लूजगायिका मा रेनीच्या वाद्यवृंदाचा प्रमुख झाला. रंगमंचावर एक अवाढव्य ग्रामोफोन उभा केलेला असायचा आणि त्याचं दार उघडून बाई गात गात बाहेर यायच्या. १९२८ मध्ये गिटारवादक टँपा रेडबरोबर केलेलं त्याचं एक गाणं तुफान खपलं. ते इतकं चावट होतं की त्याचा अर्थ इथं सांगत नाही. त्या तबकड्यांवर त्याचं नाव ‘जॉर्जिया टॉम’.

हाच माणूस त्याच वर्षांत भक्तिगीतंही लिहीत होता. शिकागोच्या मोठ्या, प्रतिष्ठित चर्चना ती नको होती. दक्षिणेतून आलेल्या गरिबांचा तो ठेका, ते हुंकार विसरून सभ्य होण्याची त्यांची खटपट चालली होती, आणि हा मनुष्य नेमका पिठ्यातला पियानो घेऊन दारात उभा. त्याला कित्येक ठिकाणांहून हाकललं. १९३२ मध्ये पिलग्रिम बॅप्टिस्टनं त्याला संगीत सांभाळायला बोलावलं आणि पुढे चाळीसहून अधिक वर्षं तो तिथं राहिला. (ती इमारत मुळात ज्यूंचं प्रार्थनास्थळ म्हणून अ‍ॅडलर आणि सलिव्हन या नामांकित वास्तुविशारदांनी बांधलेली. जानेवारी २००६ मध्ये ती आगीत जळाली.)

त्याच १९३२च्या ऑगस्टमध्ये तो कार्यक्रमासाठी सेंट लुईसला गेला होता. तिथं तार आली. पत्नी नेटी बाळंतपणात गेली होती. बाळही पाठोपाठ गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत पियानोवर बसलेला असताना त्यानं ‘प्रेशस लॉर्ड’ रचलं. चाल जवळजवळ शंभर वर्षं जुन्या एका स्तोत्राची, पण वळणं त्याची. ४ एप्रिल १९६८च्या संध्याकाळी मेंफिसच्या मोटेलच्या सज्जात उभ्या असलेल्या मार्टिन ल्यूथर किंगनी खाली उभ्या असलेल्या वादकाला रात्रीच्या सभेत हेच गाणं छान वाजव म्हणून सांगितलं, आणि लगेच गोळी सुटली. अंत्यसंस्कारात ते गॉस्पेलगायिका माहेलिया जॅक्सननं गायलं.

डॉर्सीला गॉस्पेलचा जनक म्हणतात. ते मला थोडं खटकतं. त्याच्या आधी, १९२६ मध्ये, टेक्सासची अंध पियानोवादक अरिझोना ड्रेन्स शिकागोत येऊन भक्तिगीतांच्या तबकड्या करून गेली होती. त्यात पिठ्यातला खणखणीत डावा हात स्पष्ट ऐकू येतो. ती पेंटेकोस्टल पंथाची. बायबलातल्या स्तोत्रात देवाची स्तुती वाद्यांनी करा असं म्हटलंय ना, मग ढोल, झांजा, पियानो काहीच वर्ज्य नाही, अशी त्यांची साधी भूमिका. प्रतिष्ठितांनी ज्याला दार बंद केलं ते रस्त्याकडेच्या दुकानवजा चर्चमध्ये केव्हाच आत येऊन बसलं होतं. डॉर्सीनं त्याला मोठ्या चर्चचं दार उघडून दिलं, गाणी छापली, विकली, वृंदांची संघटना बांधली. हे काम काही लहान नाही.

पिठ्यातला आणि चर्चमधला, हे दोन्ही पियानो हातांच्या दृष्टीनं किती जवळचे आहेत, याचा पुरावा बोटांनीच घेता येतो. डाव्या हातानं पांढरी चार धरा. उजव्यात पांढरी सहा, पांढरी एक, काळी दोन. आता उजवा हात जागचा हलवू नका, डाव्याला फक्त एक पट्टी वर सरकवा, काळी तीनवर. छातीत काहीतरी आवळल्यासारखं होतं ना? आता डावा पांढरी पाचवर, उजव्यात पांढरी एक, तीन, पाच. सुटका. पुन्हा डावा वर, पांढरी सहा, आणि उजव्यातली फक्त पांढरी एक उचलून काळी एक करा. तिथून डाव्यानं दोन, पाच, एक असं घरी यायचं. डावा हात चार पायऱ्या चढतो आणि उजव्याला प्रत्येक वेळी जेमतेम बोट हलवावं लागतं. बारा खणांच्या ब्लूजमध्ये पाचव्या खणापासून ही शिडी चपखल बसते. आणि रविवारी चर्चमध्ये गाणं रंगात येऊन शेवटाकडे निघालं की तिथंही हीच शिडी लागते. वेग कमी असतो आणि प्रत्येक पायरीवर लोकांना श्वास घ्यायला वेळ दिलेला असतो, इतकाच फरक. पट्टी मात्र बदलते. पांढरी एकवर रमणारे ब्लूजवाले बरेच. चर्चवाले काळी एक, काळी दोन, काळी चार यांवर खूश असतात. काळ्या पट्ट्या उंच असल्यानं हाताला त्यांचा आधार मिळतो, अंधारात जिन्याच्या कठड्याचा मिळतो तसा.

चर्चमधलं आणखी एक काम शिकवणीत सहसा येत नाही. उपदेशक बोलत असताना त्याच्या मागे वाजवणं. तो आधी साधा बोलतो, हळूहळू त्याचा आवाज एका सुरावर चढतो, वाक्यं गाण्याकडे झुकू लागतात. पियानोवाल्यानं तो सूर ओळखून अलगद खाली स्वरसंगती सरकवायची असते, प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक छोटं उत्तर द्यायचं असतं. कीर्तनात पेटी-तबल्यावर बसलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. हॅमंड ऑर्गन १९३५ मध्ये बाजारात आला आणि काही वर्षांतच शिकागोच्या चर्चमध्ये पोहोचला, तेव्हा पियानोवाल्याला आणखी एक शिस्त लागली. खालचे स्वर आता ऑर्गनवाल्याच्या पायांकडे गेले. इतक्या कष्टानं कमावलेला डावा हात कुठं आवरायचा, हे शिकावं लागलं.

या वाद्याशी मुंबईचा एक खरा संबंध आला होता. टेडी वेदरफोर्ड हा शिकागोचा पियानोवादक. १९२६ मध्ये लुई आर्मस्ट्राँगबरोबर एकाच वाद्यवृंदात ध्वनिमुद्रण केलेला. लिऑन अ‍ॅबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ आणि वेदरफोर्डही आले. त्यांच्याबरोबर गोव्याचे तरुण वादक बसले, ट्रम्पेटवाले फ्रँक फर्नांड हे त्यांतले एक. गोव्याच्या पॅरिश शाळांत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, घोटून आलेली ही मुलं कुठलीही स्वरलिपी पाहताक्षणी वाजवणारी. पण या संगीताचा झोल कागदावर उतरत नाही, तो शेजारी बसूनच घ्यावा लागतो. पुढे हे वादक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. वेदरफोर्ड भारतातच राहिला आणि १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्यानं वारला.

शेजारी बसण्यावरून गायक-पियानोवादक रे चार्ल्स आठवतो. फ्लोरिडातल्या ग्रीनव्हिल गावात वायली पिटमन नावाच्या माणसाचं छोटं हॉटेल होतं. तो पियानोवर बसला की लहानगा रे खेळ टाकून धावत यायचा आणि पट्ट्या बडवायचा. पिटमन त्याला हाकलायचा नाही, बाकावर जागा द्यायचा, आणि आधी एका बोटानं चाल कशी वाजवायची ते दाखवायचा. सातव्या वर्षी मुलाची दृष्टी पूर्ण गेली. १९५४ मध्ये त्यानं एका गॉस्पेल गाण्याच्या धर्तीवर ‘आय गॉट अ वूमन’ केलं आणि चर्चचा पियानो पुन्हा बाहेर रस्त्यावर आणला. डॉर्सीनं केलं त्याच्या बरोबर उलट. चर्चवाले त्याच्यावरही चिडले.

आज शेजारी बसायला पिटमन मिळणं कठीण, पण तबकड्या सगळ्या उपलब्ध आहेत. तेव्हा एकच गाणं घ्या, शक्यतो संथ. महिनाभर तेच ऐका. डाव्या हाताची ओळ आधी तोंडानं गा. ती गाता आली की वाजवा. मग ती दुसऱ्या पट्टीत हलवा, कारण गाणाऱ्याचा गळा तुमच्या सोयीची पट्टी विचारत नाही. आणि महिन्याभरानं घरातल्या कुणालातरी समोर उभं करून गायला लावा. बेसूर असला तरी चालेल. एकट्यानं वाजवताना न दिसलेल्या निम्म्या चुका त्या पाच मिनिटांत समोर येतील.

शिकणारे हमखास विचारतात, हे संपवायचं कुठं? बारावा खण तर पुन्हा पहिल्याकडेच ढकलतो. गॉस्पेलमध्येही शेवटच्या दोन-तीन स्वरसंगती घोळवत राहतात, लोक उभे राहेपर्यंत, कधी त्यानंतरही. ते ठरवणं पियानोवाल्याच्या हातात नसतं, गाणारा ठरवतो. एकट्यानं वाजवणाऱ्यांत जिमी यान्सीनं यावर स्वतःपुरता तोडगा काढला होता. दिवसा तो शिकागोच्या बेसबॉल मैदानाची निगा राखायचा, रात्री पियानो वाजवायचा. गाणं कुठल्याही पट्टीत सुरू करो, शेवट मात्र तो काळी दोनवर करायचा.